रिंकच्या कठड्याबाहेरून

डिस्नेचा 'आइस प्रिन्सेस' हा चित्रपट २००५ साली आला. कनेक्टिकटमधली केसी कार्लाइल ही फिजिक्समध्ये हुशार मुलगी. हार्वर्डच्या शिष्यवृत्तीसाठी तिला एक प्रकल्प करायचा असतो आणि त्यासाठी ती फिगर स्केटिंगमागचं फिजिक्स हा विषय निवडते. मोजमापं घेण्यासाठी ती रिंकवर जायला लागते आणि हळूहळू प्रकल्पापेक्षा बर्फच तिला जास्त आवडायला लागतो. आईला तो बर्फ मुळीच मंजूर नसतो. बाकीची गोष्ट अशा चित्रपटांत असते तशीच आहे, हसवणारी आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून बघता येईल अशी. केसीचं काम मिशेल ट्रॅक्टेनबर्गनं केलंय, तिच्या आईचं जोन क्युसॅकनं आणि कोचचं किम कॅट्रॉलनं.

कथा कनेक्टिकटची असली तरी चित्रीकरण टोरांटो परिसरात झालं, आणि आमचं बिऱ्हाडही गेली बरीच वर्षं इथेच आहे. मी शाळेत फिजिक्स शिकवते. माझी मुलगी बालवाडीच्या वयापासून बारावीपर्यंत स्केटिंग करत होती. त्यामुळे हा चित्रपट आमच्या घरात कितीदा लागला असेल, त्याची गणती नाही. मिशेल ट्रॅक्टेनबर्ग २६ फेब्रुवारी २०२५ ला वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी गेली. त्या आठवड्यात मुलगी कॉलेजातून घरी आली होती. आम्ही दोघींनी चित्रपट पुन्हा पाहिला आणि मग रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. त्या बोलण्यातून आणि रिंकच्या कठड्याबाहेर काढलेल्या हिवाळ्यांतून जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

१. पडायला आधी शिकवतात

कॅनडात लहान मुलांचे स्केटिंगचे वर्ग डोक्यावर हॉकीचं हेल्मेट घातल्याशिवाय सुरूच होत नाहीत. पहिल्या काही तासांत मुलं पुढे फारशी जात नाहीत, त्यांना पडायला शिकवतात. गुडघे वाकवायचे, खाली बसल्यासारखं व्हायचं आणि एका कुशीवर घसरायचं. हात मागे टेकवायचे नाहीत, कारण त्यानं मनगट मोडतं. पडल्यावर बोटं पसरून बर्फावर ठेवायची नाहीत, मुठी मिटायच्या, कारण शेजारून कुणाचंही ब्लेड जाऊ शकतं. मग दोन्ही गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल उभं करायचं, त्याच गुडघ्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि उठायचं.

कठड्याबाहेर उभ्या असलेल्या आयांच्या तोंडून "सांभाळ गं!" हेच निघतं, मग ती आई मराठी असो, पंजाबी असो की चिनी. आत कोच मात्र शांतपणे सांगत असते, "छान पडलीस, आता पुन्हा." एका हिवाळ्यात माझी आई नाशिकहून आली होती. शाल गुंडाळून ती बाकावर बसायची आणि नात पडली की अर्धवट उठायची. काही दिवसांनी तिचं उठणं थांबलं. "आजी, मी पडले तेव्हा बघितलंस का? कुशीवर पडले!" असं नात अभिमानानं सांगायला लागली होती.

चित्रपटात केसी शिकायला जाते तेव्हा तिला कमरेएवढ्या पोरांच्या वर्गात उभं राहावं लागतं. तो प्रसंग विनोदी आहे आणि आम्ही दर वेळी हसतो. पण सतराव्या वर्षी, वर्गात पहिलं येण्याची सवय असताना, सगळ्यांसमोर अगदी तळापासून सुरुवात करायला केवढी हिंमत लागते! माझ्या शाळेतल्या हुशार मुलांमध्ये मला हीच हिंमत कमी दिसते. जे पहिल्या फटक्यात जमणार नाही, त्याला ती हातच लावत नाहीत.

२. फिजिक्स खरोखर बर्फावर दिसतं

हा चित्रपट मला जवळचा वाटतो, त्याचं मुख्य कारण हे. किशोरवयीन मुलींच्या चित्रपटात अभ्यासू मुलीला चष्मा काढायला लावून सुंदर केलं जातं. इथे तिची हुशारीच तिला रिंकवर घेऊन येते आणि पुढेही तिच्या उपयोगी पडते.

कोनीय संवेग मी वर्गात फिरत्या खुर्चीवर शिकवते. एका विद्यार्थ्याला दोन्ही हातांत डंबेल देऊन हात पसरायला लावायचे, खुर्ची हळूच फिरवायची आणि मग त्याला हात छातीशी घ्यायला सांगायचं. खुर्ची एकदम गरगर फिरायला लागते आणि वर्गात आरडाओरडा होतो. वस्तुमान अक्षापासून जितकं लांब, तितकं ते फिरवणं जड. ते जवळ आणलं की तोच संवेग राखण्यासाठी वेग वाढावाच लागतो. स्पिन करणारी मुलगी नेमकं हेच करते. कॅनडाच्या ऑलिव्हिया ऑलिव्हरनं २०१५ साली वॉर्सॉमध्ये मिनिटाला ३४२ फेरे इतक्या वेगानं स्पिन केला होता. तो बघताना चेहरा दिसत नाही, नुसती रंगाची रेघ दिसते.

जंपचं गणित याहून कडक आहे. पाय बर्फावरून सुटले की हवेत नवा संवेग मिळवायची सोय नाही. जे काही फिरणं आहे, ते उडी घेतानाच बर्फाकडून घ्यायचं. बर्फापासून साधारण ४५ सेंटीमीटर वर गेलं तर हवेत मिळतात जेमतेम ०.६ सेकंद. त्यात तीन फेरे बसवायचे तर सेकंदाला पाच फेऱ्यांचा वेग हवा. म्हणून तर जंप घेणारी मुलं हात आणि पाय इतके घट्ट आवळून घेतात. सहा मुख्य जंपपैकी फक्त ॲक्सेल पुढे तोंड करून घेतात आणि उतरतात मात्र सगळ्याच मागे तोंड करून. त्यामुळे ॲक्सेलला अर्धा फेरा जास्त पडतो. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसेननं ही उडी १८८२ साली पहिल्यांदा करून दाखवली. स्त्रियांमध्ये तिहेरी ॲक्सेल स्पर्धेत पहिल्यांदा उतरवली ती जपानच्या मिदोरी इतोनं, १९८८ साली. आणि चौपट ॲक्सेल, म्हणजे साडेचार फेरे, स्पर्धेत पहिल्यांदा केली ती अमेरिकेच्या इलिया मालिनिननं, २०२२ साली.

चित्रपटात केसी संगणकावर आकृत्या काढून बाकीच्या मुलींना हात कुठे ठेवायचा, उडी कधी घ्यायची हे सांगते आणि त्यांचं स्केटिंग सुधारतं. यात अतिशयोक्ती आहे, पण खोटं नाही. आज जवळजवळ प्रत्येक कोच फोनवर उडी चित्रित करून तिथल्या तिथे संथ गतीनं दाखवते. माझ्या मुलीला ॲक्सेलमध्ये डावा खांदा लवकर उघडतोय हे कोच कितीतरी दिवस सांगत होती. स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर दिसलं, तेव्हा तिला ते पटलं. पटल्यावर अंगात उतरायला मात्र आणखी बराच काळ गेला. समजणं आणि जमणं यांतलं हे अंतर चित्रपट थोडक्यात उरकतो. केसी लहानपणापासून घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर एकटीच स्केटिंग करत आलेली असते, एवढा खुलासा देऊन तो पुढे सरकतो. मला तो खुलासा चालतो, कारण तळ्यावर घालवलेली अशी वर्षं फुकट जात नाहीत.

३. सगळं बुटात असतं

हे शहाणपण मला कुठल्याही पुस्तकानं दिलं नाही.

फिगर स्केटिंगचा बूट आणि त्याचं ब्लेड चांगल्या पातळीवर वेगवेगळे विकत घ्यावे लागतात आणि जाणकार माणसाकडून जोडून घ्यावे लागतात. ब्लेडची जाडी साधारण ४ मिलिमीटर. तळाशी लांबीनं एक खोलगट पन्हळ असते, त्यामुळे दोन धारा तयार होतात, आतली आणि बाहेरची. सगळं स्केटिंग या धारांवर चालतं. पुढे दात असतात, त्यांना टो पिक म्हणतात. नवशिकी मुलं या दातांना अडखळून तोंडावर आपटतात आणि पुढे तेच दात बर्फात रोवून उड्या घेतात. साधारण वीस-तीस तासांच्या सरावानंतर ब्लेडला धार लावावी लागते. धार लावणारा माणूस बदलला तरी मुलींना पायाखाली फरक कळतो.

नवा बूट पुठ्ठ्यापेक्षा कडक असतो. दुकानात तो खास भट्टीत गरम करतात आणि गरम असतानाच पायात घालून बसवतात, म्हणजे घोट्याचा आकार घेतो. तरीही अंगवळणी पडायला आठवडे लागतात. नाडी बांधायचीही पद्धत आहे. आधी टाच मागे आपटून घट्ट बसवायची. बोटांपाशी नाडी थोडी सैल, कारण बोटं हलली पाहिजेत. पाऊल जिथे वाकतं तिथे, म्हणजे घोट्याच्या खालच्या वळणावर, सगळ्यात घट्ट. वरच्या आकड्यांशी पुन्हा थोडी ढील, नाहीतर गुडघा वाकत नाही. पहाटेच्या थंडीत, बोटं बधिर झालेली असताना, मुलीच्या नाड्या एका आकड्यानं ओढून घट्ट करणं हे कितीतरी वर्षं माझं काम होतं. एके दिवशी ती म्हणाली, "आई, आजपासून मी बांधते." त्या दिवसापासून मी रिंकवर चहाचा थर्मास हातात घेऊन बसायला लागले.

हे सगळं माहीत असलं की चित्रपटातल्या एका प्रसंगाचा अर्थच बदलतो. स्पर्धेत केसी पुढे जायला लागते तेव्हा कोच टीना तिला नवेकोरे स्केट्स भेट देते. केसी आनंदानं ते घालून उतरते आणि तिचे पाय सोलवटून निघतात. ज्यांनी कधी स्केट्स घातले नाहीत, त्यांना ही साधी भेट वाटेल. ज्यांच्या घरात स्केटर आहे, त्यांच्या पोटात तो खोका उघडतानाच गोळा येतो. स्पर्धेच्या दिवशी नवा बूट कुणीही घालत नाही. टीनाला ते पुरेपूर ठाऊक असतं. तिची स्वतःची मुलगी त्याच स्पर्धेत असते. मोठ्या माणसानं मुलाच्या विश्वासाचा घेतलेला हा गैरफायदा आहे आणि विनोदी चित्रपट असूनही दिग्दर्शक टिम फायवेल इथे हसवायचा प्रयत्न करत नाही. मला त्याचं हे भान आवडतं.

४. बर्फ फुकट नसतो

रिंकचा वेळ तासावर विकत घ्यावा लागतो. सोयीच्या वेळा हॉकीवाल्यांकडे जातात आणि फिगर स्केटिंगच्या मुलींना उजाडायच्या आतला बर्फ मिळतो. कोचची फी वेगळी, कपड्यांचा खर्च वेगळा. केसी खाण्याच्या टपरीवर काम करून आपली फी भरते, हे चित्रपटात दोन मिनिटांत येऊन जातं. माझी मुलगी मोठी झाल्यावर लहान मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करायची आणि त्या पैशांतून ब्लेडची धार आणि मोजे तिचे तीच भागवायची. बर्फ साफ करणारं झांबोनी यंत्र चालवणारा टेडी हा केसीचा मित्र होतो. त्या यंत्राचं नाव फ्रँक झांबोनी या माणसावरून पडलं. त्यानं ते १९४९ साली कॅलिफोर्नियात बनवलं. यंत्र बर्फाचा वरचा थर तासतं आणि मागून गरम पाणी सोडतं. गरम पाणी जुन्या बर्फाचा वरचा भाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. त्या ओल्या, कोऱ्या बर्फावर पहिलं पाऊल टाकण्यासाठी मुली दाराशी ताटकळत उभ्या असतात.

५. दोन आया, एकच हट्ट

चित्रपटात दोन आया आहेत. केसीची आई जोन शिक्षिका आहे, स्त्रीवादी विचारांची. तोकडे चमचमते कपडे घालून परीक्षकांसमोर गिरक्या घेणं तिला मुलीच्या बुद्धीचा अपमान वाटतो. दुसरी टीना, एके काळची स्केटर. तिची मुलगी जेन सुंदर स्केटिंग करते, पण तिला गणिताचा अभ्यास करायला वेळ मिळत नाही, पोटभर खाता येत नाही, मित्राला भेटता येत नाही. एका आईला मुलगी हार्वर्डमध्ये हवी आहे, दुसरीला पदकाच्या चौथऱ्यावर. वरवर बघता या दोघी दोन टोकांच्या. पण दोघीही मुलीच्या पुढच्या दहा वर्षांचं वेळापत्रक स्वतः लिहून बसल्या आहेत. मला हा चित्रपटाचा सगळ्यात अस्सल विचार वाटतो. केसी शिष्यवृत्ती नाकारते तेव्हा आईला वाटतं, पोरीनं आपलं स्वप्न सोडलं. केसी तिला सांगते की सोडलंय ते तुझं स्वप्न. जोन क्युसॅकचा त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा आहे. तिला राग येत नाही. आपण ज्या मुलीशी इतकी वर्षं बोलत होतो, ती समोर नव्हतीच, हे तिला तेव्हा दिसतं.

आपल्याकडे जोन घरोघरी आहेत. "आधी दहावी होऊ दे, मग काय ते खेळ" हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. इथे येऊनही ते वाक्य आमच्या सामानातून आलंच. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला हमखास विचारायचे, "स्केटिंगमुळे तिच्या मार्कांवर परिणाम नाही ना होत?" टीनासारख्या आयाही मी रिंकवर पाहिल्या. मुलगी बर्फावरून उतरली की पाणी देण्याआधी चुका सांगणाऱ्या.

मला एका गोष्टीबद्दल चित्रपटाशी भांडायचं आहे. हार्वर्ड किंवा बर्फ असा सरळ पेच तो उभा करतो. खऱ्या आयुष्यात तो पेच अनेकींनी सोडवून दाखवला आहे. टेनली ऑलब्राइटला अकराव्या वर्षी पोलिओ झाला होता. तिनं १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्य आणि १९५६ ला कोर्टिनामध्ये सुवर्णपदक मिळवलं. फिगर स्केटिंगमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. त्यानंतर हार्वर्डच्याच मेडिकल कॉलेजात शिकून ती शल्यविशारद झाली. डेबी थॉमस स्टॅनफर्डला शिकत असताना १९८६ साली जगज्जेती झाली, १९८८ ला कॅलगरीत तिनं कांस्य मिळवलं आणि पुढे हाडांची डॉक्टर झाली. नेथन चेन येल विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्यानं सुवर्ण जिंकलं. ही माणसं असामान्य आहेत, मान्य. पण सतरा वर्षांच्या मुलीपुढे दोनच दारं ठेवून एक बंद कर म्हणताना घरातल्या मोठ्यांनी ही नावं आठवावीत. चित्रपटाच्या शेवटी दोन्ही आया केसीच्या कॉलेजच्या तासांवरून वाद घालत असतात. म्हणजे कॉलेजचं दार उघडंच राहिलेलं असतं, तेवढं मात्र चित्रपटानं ठीक केलंय.

६. सोडणं हाही निर्णय असतो

चित्रपट केसीचा असला तरी माझ्या मुलीला लहानपणापासून जेन जास्त आवडते. हेडन पॅनेटिअरनं तिचं काम केलंय. जेन मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर आईला सांगते की मला हे नको आहे. तिला कुणी हरवलेलं नसतं, ती जखमीही नसते. तिला साध्या मुलीसारखं जगायचं असतं. खेळावरच्या चित्रपटात खेळ सोडणाऱ्याला पळपुटं ठरवण्याचा रिवाज आहे. इथे जेन सोडते आणि हसते, खाते, मित्राबरोबर फिरते आणि केसीची मैत्रीणही राहते.

याचं खरं उदाहरण चित्रपटानंतर बऱ्याच वर्षांनी घडलं. अलिसा लिऊ २०१९ साली तेराव्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली, इतक्या लहान वयात तो मान मिळवणारी पहिलीच. २०२२ साली बीजिंग ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धेतलं कांस्यपदक झाल्यावर तिनं सोळाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. कॉलेजात गेली, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालत जाऊन आली. २०२४ साली ती स्वतःहून परतली आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. आम्ही ती स्पर्धा टीव्हीवर पाहिली. तिच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा होता, तो तेराव्या वर्षीच्या चित्रफितींत दिसत नाही. ती परत आली नसती तरी तिचा सोडण्याचा निर्णय तितकाच बरोबर ठरला असता, असं मी ठामपणे म्हणेन.

माझ्या मुलीनं बारावीच्या हिवाळ्यात स्पर्धा थांबवल्या. गाडीत, घरी येताना, तिनं सांगितलं. मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "हो. मला आता संध्याकाळी रिकामं राहून बघायचंय." त्यावर आम्ही दोघींनी वाटेत थांबून गरम सूप प्यायलं. घरी फोन केला तर आजी म्हणाली, "बूट मात्र विकू नका गं." बूट अजून कपाटात आहेत.

७. मुलीचं शरीर बदलतं, त्याला वेळ द्यावा

याबद्दल चित्रपट फारसं काही बोलत नाही. मला मात्र बोलायलाच हवं.

बारा-तेरा वर्षांची मुलगी हलकी, चिंचोळी असते. तिच्यासाठी फेरे सोपे. मग ती वाढते. उंची वाढते, नितंब रुंदावतात, वस्तुमान अक्षापासून लांब जातं आणि कालपर्यंत डोळे मिटून येणारी उडी आज येत नाही. वर सांगितलेलं फिजिक्स इथे उलटं लागू होतं. माझ्या मुलीची ॲक्सेल एका वर्षात अशीच हरवली होती. ती रडायची. तिची कोच शहाणी होती. तिनं वहीत उंचीचा आलेख काढून दाखवला आणि म्हणाली, "तुझ्या मेंदूकडे जुनं शरीर नोंदलेलं आहे. नव्याची ओळख होऊ दे." पुढच्या हिवाळ्यात ॲक्सेल परत आली.

पण सगळ्यांच्या वाट्याला अशी कोच येत नाही. आमच्याच वेळच्या काही मुलींना खाणं तोडायला सांगितलं जात होतं, हे मी कपडे बदलायच्या खोलीत माझ्या कानांनी ऐकलंय. त्यातल्या एका मुलीचं हाड वारंवार मोडायचं. माझ्या मुलीच्या डब्यात मी शेंगदाण्याचे लाडू आणि थालीपीठ द्यायचे. सराव संपला की त्या थालीपिठाला आसपासच्या चार-पाच मुली गिऱ्हाईक असायच्या. त्यांना खाताना बघून मला बरं वाटायचं.

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रशियाची कमिला वालियेवा पंधरा वर्षांची होती. उत्तेजक चाचणीचं प्रकरण चालू असताना तिला बर्फावर उतरवलं गेलं आणि साऱ्या जगासमोर ती पुन्हा पुन्हा पडली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं वरिष्ठ गटासाठी किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्यानं १७ वर नेण्याचा निर्णय घेतला. २०२४-२५ च्या हंगामापासून १७ ची अट पूर्णपणे लागू झाली. मुलींना वाढू द्यावं, असं या खेळानं नियमात लिहिलं. यायला फार उशीर झाला, पण नियम योग्य आहे.

८. दुसरा नंबर

केसी शेवटच्या स्पर्धेत दुसरी येते. पहिली येते ती तिच्याहून लहान, उड्यांत तरबेज असलेली निकी. केसी उडी घेताना पडते, उठते आणि पुढचं स्केटिंग असं करते की कठड्याबाहेरची आई बघतच राहते. चित्रपटात समालोचकाच्या छोट्या भूमिकेत मिशेल क्वान दिसते. पाच वेळा जगज्जेती झालेली क्वान ऑलिम्पिकमध्ये १९९८ ला रौप्य आणि २००२ ला कांस्य घेऊन आली, सुवर्ण तिला कधीच मिळालं नाही. तरी आमच्या रिंकवरच्या आयांना विचारा, त्यांच्या तरुणपणीचं आवडतं नाव तेच निघेल. २०२२ साली ती अमेरिकेची बेलीझमधली राजदूत झाली.

९. आपल्याकडच्या मुलींसाठी

सिमल्याचा बर्फाचा रिंक १९२० सालचा आहे. तिथे नैसर्गिक थंडीवर बर्फ गोठवतात, त्यामुळे हिवाळ्यातले थोडेच दिवस मिळतात. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधला गेला. महाराष्ट्रातल्या मुलांना बर्फ दुर्मीळच, पण चाकांचे स्केट्स पुण्या-मुंबईपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत पोचले आहेत. माझी भाची पुण्यात रोलर स्केटिंग करते. त्यातला कलात्मक प्रकार जवळजवळ फिगर स्केटिंगच आहे, त्याच उड्या आणि तशाच गिरक्या, फक्त खाली सिमेंट किंवा लाकूड. सिमेंटवर पडलं की बर्फासारखं घसरता येत नाही, गुडघे सोलतात. म्हणून कोपर, गुडघा आणि मनगटाचे संरक्षक घातल्याशिवाय तिला पाठवू नको, असं मी बहिणीला निक्षून सांगितलंय.

तुमच्या घरी दहा ते अठरा वयाची मुलगी किंवा मुलगा असेल, तर हा चित्रपट एकदा एकत्र बसून बघा आणि संपल्यावर आधी मुलांना बोलू द्या. कुणाला स्केटिंगच्या वर्गाला जायचं असेल, तर जरूर पाठवा. पहिले स्केट्स भाड्यानं किंवा वापरलेले घेतले तरी चालतात. फक्त घोट्यापाशी बूट ढिला पडलेला नाही ना आणि चाकं किंवा ब्लेड नीट बसवलेलं आहे ना, हे स्वतःच्या हातानं तपासा. डब्यात भरपूर खायला द्या. आणि वर्गाहून परतताना गाडीत पहिली पंधरा मिनिटं सरावाबद्दल काहीही विचारू नका.